बालकांतील कुलज कोलेस्टेरॉलवृद्धी व धमनीप्रतिचय

चरकसंहितेने सूत्रस्थानाच्या २०व्या अध्यायात धमनीप्रतिचयाची गणना कफाच्या नानात्मज विकारांत केली आहे. धमनीप्रतिचय म्हटले की स्थूल, अव्यायामी, मध्यमवयीन रुग्ण आपल्या डोळ्यांसमोर येतो. तथापि कृश, चपळ व मिताहारी बालकातही ही विकृती सुरू होऊ शकते. असे ज्या व्याधीत घडते, त्या कुलज कोलेस्टेरॉलवृद्धीचा (फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया) विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हेतू व संप्राप्ती

यकृतपेशींवरील ग्राहके (रिसेप्टर) रक्तातील एल.डी.एल. कण उचलून घेतात. अमेरिकेतील ब्राउन व गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी या ग्राहकाचा शोध लावला व त्यांच्या कोलेस्टेरॉलविषयक संशोधनास १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या ग्राहकाच्या जनुकात दोष असल्यास हे कण जन्मापासूनच रक्तात साचत राहतात. माता वा पिता यांपैकी एकाकडून दोष आलेल्या व्यक्तींचे प्रमाण सुमारे २५० ते ३०० मध्ये एक असे आहे. अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात दोष येण्याचा संभव ५० टक्के असतो. दोघांकडूनही दोष आल्यास होणारा तीव्र प्रकार अतिशय दुर्मिळ आहे. मात्र नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते.

सुश्रुतांच्या वर्गीकरणानुसार (सूत्रस्थान २४) हा आदिबलप्रवृत्त व्याधी ठरतो. येथे मुख्य हेतू बीजदोष हा असून आहारविहार केवळ सहायक आहे. धमनीवरील परिणामही लवकर दिसू लागतो. १९९२ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बालकांच्या धमनीची विस्फारण्याची क्षमता कमी झालेली आढळली. त्या वयात कोणतेही लक्षण नसते, हे विशेष लक्षात घ्यावे.

निदान

कुलवृत्त हेच निदानाचे पहिले साधन होय. घराण्यात पुरुषास ५५ वर्षांपूर्वी वा स्त्रीस ६० वर्षांपूर्वी हृद्रोग झाला असल्यास बालकाच्या रक्तातील मेदाची तपासणी करावी. पथ्यपालनानंतरही एल.डी.एल. १९० मि.ग्रॅ. वा अधिक, अथवा असे कुलवृत्त असताना १६० वा अधिक राहिल्यास या व्याधीचा प्रबळ संशय घ्यावा. अवटु ग्रंथीची मंदता व नेफ्रॉटिक सिंड्रोम यांनीही एल.डी.एल. वाढते; ती कारणे प्रथम वगळावीत. तीव्र प्रकारात कोपर, गुडघा, नितंब वा टाचेमागील कंडरा येथे पिवळसर, वेदनारहित ग्रंथी बालपणीच दिसतात. त्यांवर लेप वा अग्निकर्म करीत बसू नये. बालकास विनाविलंब हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

साध्यासाध्यता

कुलज विकार असाध्य असतात, असे चरकाचार्यांनी प्रमेहप्रकरणी सांगितले आहे. बीजदोष आजही पालटत नाही. तथापि स्टॅटिन वर्गातील औषधांनी हा व्याधी बहुतांशी याप्य झाला आहे. नेदरलँड्समध्ये बालपणीच ही औषधे सुरू केलेल्या रुग्णांचा वीस वर्षांचा पाठपुरावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी १ टक्का रुग्णांत हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार घडला; त्याच व्याधीने ग्रस्त असलेल्या त्यांच्या मातापित्यांत त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होते. याप्य व्याधीत औषध हे पडत्या घराला दिलेल्या आधारासारखे असते. आधार काढल्यास घर पडते, म्हणून ही औषधे आपल्या सल्ल्याने कदापि बंद होऊ नयेत.

गुग्गुळाची मर्यादा

गुग्गुळाच्या मेदोहर कार्यावरील डॉ. सत्यवती यांचे १९६६चे बनारस येथील संशोधन आपणा सर्वांस अभिमानास्पद आहे. तथापि २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या १०३ प्रौढांवरील चाचणीत गुग्गुळाच्या प्रमाणित अर्काने एल.डी.एल. घटले नाही, उलट किंचित वाढले. ही चाचणी बालकांवर वा शास्त्रोक्त कल्पांवर नव्हती, हे खरे. परंतु बीजदोषाने ग्रस्त बालकात केवळ गुग्गुळावर विसंबण्यास आधार नाही. वाढीच्या वयात तीव्र लंघन वा लेखनही देऊ नये. मेधावर्धनार्थ दीर्घकाळ घृतकल्प योजण्यापूर्वी कुलवृत्त अवश्य विचारावे.

औषधालयचालकांसाठी

'रेड यीस्ट राइस' नावाच्या पूरक उत्पादनातील मोनाकोलिन-के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच होय. स्टॅटिन घेणाऱ्या बालकास ते दिल्यास मात्रा नकळत वाढते व यकृत आणि मांसपेशींस अपाय संभवतो. 'नैसर्गिक आहे' एवढ्यावर ते देऊ नये. पालक बालकासाठी मेदोहर कल्प मागू लागल्यास चालू औषधांची चौकशी करावी.

वैद्याचे कार्य

पथ्य, व्यायाम व तंबाखूपासून दूर राहण्याचा उपदेश यांत वैद्याचा अधिकार मोठा आहे. केवळ पथ्याने एल.डी.एल. पुरेसे उतरत नाही, तरी औषधास त्याचे साहाय्य होते. औषध नियमित चालू आहे ना, याची विचारपूस दर भेटीत करावी. एका बालकात निदान झाल्यास त्याची भावंडे व मातापिता यांचीही तपासणी करवून घ्यावी. पिढ्यान् पिढ्या एकाच घरावर उपचार करणाऱ्या वैद्यास कुलवृत्त जितके ठाऊक असते, तितके अन्य कोणास क्वचितच असते. या ज्ञानाचा वेळीच उपयोग केल्यास त्या घरातील पुढील अकालमृत्यू टळू शकतो.