ताओ आणि आपली क्षारपड जमीन

प्राचीन चिनी विचारांचा विषय निघाला की बोलणे बहुधा कन्फ्यूशियसवरच संपते. लाओत्सेच्या वाट्याला चार ओळी येतात. त्याच्या नावावर असलेला ‘ताओ ते चिंग’ हा ग्रंथ अवघ्या 81 लहान प्रकरणांचा आहे. ताओ म्हणजे मार्ग, सृष्टीची स्वतःची चाल. त्या चालीला आडवे न जाता काम करणे म्हणजे ‘वू वेई’. या शब्दाचे भाषांतर ‘अकर्म’ असे केले की हे आळशांचे तत्त्वज्ञान वाटू लागते. वस्तुतः तसे नाही. रानात दारे धरणारा माणूस पाहावा. तो पाणी ओढत नाही की ढकलत नाही. उतार पाहून एका सरीचे तोंड बांधतो, दुसरीचे फोडतो. पाणी आपले आपण जाते. माझ्या वडिलांनी लाओत्सेचे नावही ऐकलेले नाही, परंतु वू वेई मला समजली ती त्यांच्या खोऱ्यावरून.

भांडे काठोकाठ भरण्यापेक्षा वेळीच थांबावे, असेही लाओत्से सांगतो. येथे मात्र आपण सातारा-सांगलीकर चुकलो. कृष्णाकाठी वीजपंप आले, उपसा योजना आल्या, ऊस वाढला. पाणीपट्टी बहुधा एकरावर, पाण्याच्या मापावर नव्हे. वीज पुष्कळदा रात्री. मोटर चालू करून माणूस झोपी जातो! काळ्या भारी जमिनीतून जादा पाणी लवकर उतरत नाही. भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि विरघळलेले क्षार पृष्ठभागावर राहतात. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत अशी पांढरी पडलेली शिवारे आहेत. ज्या पाण्याने घरात पैसा आणला, त्यानेच जमीन नेली. कोणतीही गोष्ट टोकाला गेली की उलटते, या ताओच्या सूत्राला याहून स्पष्ट उदाहरण मला सापडले नाही.

उपायही लाओत्सेच्याच वळणाचा आहे. चाकाचा उपयोग तुंब्याच्या पोकळीमुळे आणि घड्याचा आतल्या रिकामेपणामुळे, असे तो म्हणतो. क्षारपड जमिनीत 3-4 फूट खोल सच्छिद्र पाइप पुरतात. त्या पोकळीतून पाणी क्षारांसह निचरून जाते. आपण जमिनीला इतकी वर्षे देतच राहिलो; तिला हवा होता निचरा. (परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडे पाठ करणाऱ्या मित्रांनी हे आपल्या डोक्यालाही लावून पाहावे!)

तथापि ताओवाद्यांचे सर्वच मला पटत नाही. च्वांगत्सेच्या ग्रंथात एक म्हातारा माळी आहे. तो विहिरीत उतरून घड्याने पाणी आणतो आणि यंत्राने मनही यंत्रासारखे होते म्हणून उपसण्याचे साधन नाकारतो. माण-खटाव, जत, आटपाडीकडच्या बायकांना ही गोष्ट सांगून पाहावी. डोक्यावरून हंडे वाहणारीला पंप हा शत्रू वाटणार नाही. थांबण्याचा उपदेश ज्याच्याकडे पाणी पोचले त्यालाच शोभतो.

दुसरी अडचण अधिक व्यवहाराची आहे. निचऱ्याचे पाणी ओढ्याला न्यायचे तर ते खालच्या शेजाऱ्याच्या रानातून जाते. एकट्याने पाइप टाकून भागत नाही. अख्ख्या शिवाराला एकत्र बसावे लागते, खर्च वाटून घ्यावा लागतो, बांधाची जुनी भांडणे मिटवावी लागतात. या बैठकीत कोणी कोणाला बोलवायचे, हे ‘ताओ ते चिंग’मध्ये लिहिलेले नाही.