माझगावच्या टेकडीवरचा धडा



मुलगा बी.एस्सी. झाला, आता पर्यावरण-शिक्षक होण्याचे शिक्षण घेईन म्हणतो, त्याचे करायचे काय? असे आम्हांस काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. हा विषय शाळा-महाविद्यालयांतून शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. पुस्तके निघाली, परीक्षाही सुरू झाल्या. शिकविणारा मात्र बहुधा पुस्तकातूनच शिकलेला असतो, आणि घोडे तिथेच अडते.

मध्यंतरी कामानिमित्त आम्ही मुंबईस माझगावात उतरलो होतो. डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ भंडारवाड्याची टेकडी आहे. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, खाली गोदी आणि बंदर. लोक सकाळी फिरायला येतात, बाकावर टेकतात, आणि बाकाखाली पाण्याची भलीमोठी टाकी आहे! १८८४ साली बांधलेली. पर्यावरणाचा मास्तर मुलांना घेऊन येथे आला तर त्याने काय सांगावे? आमच्या मते आधी काही सांगूच नये, विचारावे. बाळांनो, मुंबईत नळाला पाणी येते, ते कुठून? मग एकेक पाऊल मागे जावे. १८६० चा विहार तलाव, १८९२ चा तानसा, पुढे वैतरणा, भातसा. धरणात कोणाची जमीन गेली? तिथल्या बायका आज पाणी कुठून भरतात? नळापासून निघालेली पोरे अशी शहापूरच्या पाड्यापर्यंत जाऊन पोचतात.

असे विचारता येणे हेच खरे शिक्षण, आणि ते वर्गात बसून येत नाही. सलीम अलींचेच पाहा ना. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, ते मार्गदर्शक-व्याख्याते झाले. काचेआडचे पक्षी दाखवून लोकांना समजावून सांगायचे, हे काम. आपले ज्ञान तोकडे पडते असे त्यांना वाटले. रजा काढून ते बर्लिनला श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. (माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटते, तीच वाट.) तेथे सुगरणीच्या घरट्यांवर ते रोज नजर ठेवून बसत. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तर पुरे होते, आणि नर लगेच दुसरे विणायला घेतो. आपल्या विहिरीवर आपण ही घरटी जन्मभर पाहिली, पण एवढे कोणी पाहिले?

शिकण्याच्या जागा आहेत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे गोरेगावला निसर्ग शिक्षण केंद्र आहे. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. प्रवेशाची माहिती तेथूनच घ्यावी. नोकरी मात्र लगेच मिळेल असे आम्ही म्हणणार नाही. पालकांना फसवून काय मिळवायचे?

आता थोडे अवघड बोलतो. असा शिकलेला मुलगा गावी आला, की शाळेची पोरे घेऊन पहिल्यांदा ओढ्यावर जाईल आणि विचारेल, पाणी तांबूस का? आसवनीचे मळीचे पाणी, आपण पेटविलेले पाचट, उसाला मोकाट सोडलेले पाणी, सगळेच निघेल. कारखाना आपला आहे, म्हणजे उत्तरही आपल्यालाच द्यावे लागणार. तेव्हा ‘हा कोण शहाणा?’ म्हणून त्याला गप्प बसवायचे असेल, तर त्याच्या शिक्षणावर पैसे घालू नयेत.

ज्यांना घालायचे आहेत, त्यांनी मुलाला प्रवेशाआधी एक वही द्यावी. घराजवळची एकच जागा धरावी, बांध, विहीर किंवा ओढा. गळीत सुरू होण्याच्या आधीपासून पुढच्या पावसापर्यंत दर आठवड्यास लिहावे: तारीख, पाण्याची पातळी, रंग, वास, कोणते पाखरू दिसले. ज्याची वही दिवाळीच्या फराळातही चुकत नाही, त्याला खुशाल पाठवा.