दुकानाच्या पाटीवरील सावलीची अक्षरे

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी पाटी वाचते. म्हणून पाटीच्या अक्षरांचा थोडा अभ्यास आपणही केला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी कापड दुकानाची पाटी संगणकावर करून घेतली. अक्षरांना जाड काळी सावली मीच सांगितली होती. जवळून पाटी झकास दिसे. रस्त्यापलीकडून मात्र 'कापड'चा नुसता काळा डाग दिसे. पैसे वाया गेले. मग एका जुन्या पेंटरने मला शेडचे गणित समजावले.

पहिला नियम : उजेड एकाच बाजूचा. तो डावीकडून वरून येतो असे धरले, तर प्रत्येक अक्षराची, मात्रेची, आकड्याची सावली उजवीकडे खाली पडली पाहिजे. पाटीवर उर्दू नावही असेल तर ते उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणून सावली उलटवू नये. पाटीवर सूर्य एकच असतो. नुक्त्यांनाही हाच नियम.

दुसरा : देवनागरीत शिरोरेषेची सावली अक्षराच्या पोटात उतरते. भ, ध, ष यांच्या आतली जागा बुजते, उकार सावलीत हरवतो. म्हणून सावली अक्षराच्या दांडीच्या निम्म्याहून कमी ठेवावी आणि दोन अक्षरांत जागा जास्त सोडावी.

तिसरा : रंग. अक्षर जमिनीपासून ठळक वेगळे हवे. सावलीने अक्षराशी स्पर्धा करू नये. लाल जमिनीवर पिवळे अक्षर असेल तर गडद तपकिरी सावली शोभते. अक्षर आणि सावली यांत जमिनीच्या रंगाची बारीक रेघ सोडली की अक्षर उठून येते.

छापखान्यात ही कला जुनी आहे. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनी 1815 मध्येच सावलीचे टाइप काढले. 1935 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हंटर मिडलटन यांनी 'अंब्रा' हा टाइप केला. त्यात अक्षर काढलेलेच नाही, फक्त त्याची सावली आहे. तरी नजर अक्षर पुरे करते. सावलीची ताकद एवढी आहे!

आपल्या कोल्हापुरात सपाट कापडावर खोली दाखवण्याचे हुन्नर नवे नाही. बाबूराव पेंटर (1890–1954) सिनेमाकडे वळण्यापूर्वी नाटकांचे पडदे रंगवत. फ्लेक्स आल्यावर बोर्ड रंगवणाऱ्यांचे काम आटले. हनीफ कुरेशी (1982–2024) यांनी मात्र 'हँडपेंटेडटाइप' उपक्रमात रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे संगणकाच्या फॉन्टमध्ये उतरवली, आणि फॉन्टला त्या कारागिराचेच नाव दिले. 'पेंटर कफील' हा त्यांतलाच. त्यात अक्षराचे थर वेगळे आहेत; प्रत्येक थराला वेगळा रंग देता येतो.

कायदाही ध्यानात ठेवा. 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यात छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची आहे. मराठी नाव आधी हवे आणि इतर लिपींतल्या अक्षरांपेक्षा लहान नको.

पैसे चुकते करण्यापूर्वी एक करा. पाटीचा नमुना रस्त्यापलीकडे धरायला सांगा, मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. त्यात नाव वाचता आले तरच होकार द्या. आणि ओळखीत हाताने लिहिणारा पेंटर असेल, तर एकदा त्यालाही विचारा. माझे नुकसान झाल्यावर विचारले. तुम्ही आधी विचारा.