जामिनाची सही आणि घराची घडी

संसारातली आर्थिक असुरक्षितता पुष्कळदा जोडीदाराला ठाऊक नसलेल्या देण्यातून येते. मिळकत बेताची असलेले घर काटकसरीने तग धरते. पण हप्ता कोणाचा, किती आणि कधीपर्यंत हेच माहीत नसेल, तर काटकसर तरी कशाच्या आधारावर करायची?

अशा देण्यांत सर्वांत फसवे देणे जामिनाचे. महाराष्ट्रात पतसंस्थेचे किंवा नोकरदारांच्या पतपेढीचे कर्ज घेताना सहसा दोन जामीनदार लागतात. सहकारी, मेहुणा किंवा गावाकडचा भाऊबंद अर्ज घेऊन येतो आणि ‘नुसती सही तर करायची आहे’ म्हणतो. भिडेखातर सही होते, घरी विषय निघत नाही. प्रत्यक्षात १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुली करा, मग माझ्याकडे या, असे त्याला एरवी म्हणता येत नाही. सहकारी संस्थांना तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो. दिवाणी दावा न लावता जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली सुरू होते. पगारातून कपात लागली की मगच पत्नीला किंवा पतीला त्या सहीचा पत्ता लागतो. तोवर मुलांची फी, आईवडिलांचे औषधपाणी, घराचा हप्ता यांचे गणित कोलमडलेले असते. त्याहून वाईट म्हणजे, आणखी काय लपवले असेल हा संशय घरात शिरतो, आणि कर्ज फिटले तरी तो लवकर निघत नाही. म्हणून जामिनाची प्रत्येक सही आधी घरात बोलून करावी. सबंध रक्कम स्वतःला भरावी लागली तर भरता येईल का, एवढा एकच प्रश्न दोघांनी मिळून सोडवावा. उत्तर नाही असेल तर नकार द्यावा. त्यात कमीपणा नाही.

लग्न झाले एवढ्यावरून पतीचे कर्ज पत्नीच्या अंगावर पडत नाही. सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर मात्र संपूर्ण कर्जाची जबाबदारी येते. कर्जदार वारल्यास वारसांनी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतेच देणे फेडायचे असते.

शिल्लक कुठे ठेवली आहे, हेही दोघांना ठाऊक हवे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, एका बँकेत, व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम म्हणूनच बँकेत, आणि दोघांनाही काढता येईल अशा संयुक्त खात्यात ठेवावी.

घराबाबतचा गैरसमज नामनिर्देशनाचा. सोसायटीच्या दप्तरी पत्नीचे नाव लागलेले असले म्हणजे फ्लॅट तिचाच, असे नसते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना समान वाटा मिळतो. वेगळी इच्छा असेल तर मृत्युपत्र करावे.

देणेकऱ्यांपासून पत्नी-मुलांसाठी काही राखून ठेवायचे, तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचे कलम ६ उपयोगी पडते. त्याखाली पतीने स्वतःच्या आयुष्यावर घेतलेली विमा पॉलिसी पत्नी-मुलांसाठीचा विश्वस्त निधी ठरते. देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने ती घेतलेली नसेल, तर त्यांना त्या रकमेवर हात टाकता येत नाही. मात्र पॉलिसी पत्नी-मुलांच्या लाभासाठी आहे, ही नोंद ती घेतानाच करून घ्यावी लागते.