पॅडची बावीस कलमे

दूरच्या संगणकाशी टर्मिनल जोडण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविलेले असते त्यांनी पडद्यावर अक्षरे नीट उमटू लागली एवढ्यावर संतुष्ट न होता, ती अक्षरे कोण उमटवीत आहे आणि कोणाच्या हुकुमावरून, याची रुजुवात केल्यावाचून जागेवरून उठू नये, असे मी आग्रहाने सांगतो. हा आग्रह नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका दप्तरात नव्वदीच्या दशकात जे प्रत्यक्ष पाहिले त्यातून आलेला आहे.

त्या काळी आपल्याकडे संगणकांचा परस्परव्यवहार पॅकेट-जाळ्यांवरून चाले. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे निकनेट उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्यांच्या मुख्यालयांपर्यंत पोहोचले होते. दूरसंचार विभागाचे आय-नेट १९७६ साली आंतरराष्ट्रीय मान्यता पावलेल्या एक्स.२५ या प्रमाणावर उभे होते. आणि विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. टेलिफोनच्या संभाषणात दोघांमधील तार बोलणे संपेपर्यंत अडकून राहते. पॅकेट-जाळ्यात मजकुराचे तुकडे पाडून, प्रत्येकावर पत्ता घालून, वाट मोकळी असेल तसतसे ते पाठविले जातात. परंतु साधे टर्मिनल एकेक अक्षर फेकण्यापलीकडे काही जाणत नसल्यामुळे त्याच्या आणि जाळ्याच्या दरम्यान अक्षरांची पॅकेटे बांधणारे व सोडविणारे एक यंत्र लागे, ज्यास सगळे पॅड म्हणत. या पॅडचे वर्तन ठरविणारी बावीस कलमे एक्स.३ या प्रमाणात आहेत, ती वाचण्याबदलण्याचे टर्मिनलवरील हुकूम एक्स.२८ मध्ये आहेत, आणि पलीकडच्या संगणकालाही ती कलमे परस्पर बदलण्याची मुभा एक्स.२९ ने दिलेली आहे. ही शेवटची तरतूद ज्याच्या ध्यानात राहत नाही त्याला पुढील सारा घोटाळा उमगत नाही.

आमच्या दप्तरातील टर्मिनलांवर प्रारंभी प्रत्येक अक्षर दोनदा उमटे. टर्मिनलही दाबलेले अक्षर स्वतः पडद्यावर लिहीत होते आणि पॅडही तेच अक्षर परत पाठवीत होते, हे त्याचे उघड कारण. बसवणुकीस आलेल्या तंत्रज्ञाने पॅडचे दुसरे कलम, म्हणजे प्रतिध्वनीचे, शून्यावर आणले. अक्षरे एकेरी दिसू लागली. सर्वांचे समाधान झाले आणि तसा शेराही नोंदवहीत पडला. वस्तुतः याच क्षणी मोठा दोष घरात शिरला होता. दूरचा संगणक पासवर्ड विचारण्याच्या वेळी एक्स.२९ च्या द्वारे पॅडला प्रतिध्वनी थांबविण्यास सांगतो आणि प्रवेश मिळाल्यावर तो पूर्ववत करण्यास सांगतो. परंतु येथे लिहिण्याचे काम पॅडकडे नव्हतेच, ते टर्मिनलाने आपल्याकडे घेतले होते, आणि टर्मिनलाला तो निरोप पोहोचण्याचा मार्गच नव्हता. परिणामी ज्या दालनात अभ्यागतांची दिवसभर ये-जा असे त्या दालनात प्रत्येक लिपिकाचा पासवर्ड पडद्यावर ठळक अक्षरांत उभा राही, आणि त्याची दखल बराच काळ कोणी घेतली नाही, कारण यंत्राविषयी कोणाची तक्रारच नव्हती.

यास्तव अक्षरे दुहेरी दिसल्यास प्रथम टर्मिनलाचे स्वतःचे लेखन बंद करावे आणि पॅडचे कलम चालू ठेवावे. प्रतिध्वनी दूरच्या संगणकाकडून घ्यावा असे कोणी सुचवील, परंतु भूस्थिर उपग्रहावरून वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो आणि परतीलाही तितकाच. दाबलेले अक्षर इतक्या विलंबाने दिसू लागले की टंकलेखन करणाराचा हात अडखळतो. शिवाय कलमांची यादी मागविणारा ‘पार?’ हा हुकूम जोडणीपूर्वी एकदा आणि जोडणी झाल्यावर कंट्रोल-पी दाबून, पॅडच्या दारात परत येऊन, पुन्हा एकदा द्यावा, व दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी उतरवून घ्यावीत. त्यांतील तफावत म्हणजे पलीकडच्या संगणकाने केलेला फेरफार होय, आणि तो ठाऊक नसताना कोणतेही कलम बदलणे मी धोक्याचे मानतो.

खर्चाचा प्रश्न तिसऱ्या व चौथ्या कलमाशी निगडित आहे. सार्वजनिक पॅकेट-जाळ्यांत आकारणी बहुधा चौसष्ट अक्षरांच्या खंडावर होई, आणि अपुरा खंडही पूर्ण मोजला जाई. कळ दाबणे थांबल्यावर किती वेळाने मजकूर पाठवायचा हे ठरविणारे चौथे कलम कोणा एका कामासाठी एकावर, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागावर, ठेवले गेले की बोटाने दाबलेले प्रत्येक अक्षर स्वतंत्र पॅकेट होऊन निघते, जणू टपालात एकेक अक्षर निराळ्या पाकिटात घालून प्रत्येकावर पूर्ण तिकीट चिकटवावे. चाळीस अक्षरांची जी ओळ एका खंडात मावली असती तिचे चाळीस खंड होतात. मामुली नोंदी भरण्यासाठी तिसरे कलम दोनवर ठेवावे, म्हणजे ओळ संपल्याची कळ दाबल्यावरच मजकूर रवाना होतो. आणि पंधरावे कलम चालू करावे, म्हणजे चुकलेले अक्षर पॅडमध्येच खोडले जाऊन ते धाडण्याचे दाम पडत नाही.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत या गोष्टींची खरी कसोटी लागे. १९५३ च्या नागपूर करारान्वये विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते, आणि तारांकित प्रश्नांच्या उत्तरांसाठी कोष्टकेच्या कोष्टके अल्प मुदतीत पाठवावी लागतात. अशाच एका कोष्टकाच्या मधल्या ओळी वाटेत गळाल्या, आणि बेरीज जुळेना म्हणूनच ते लक्षात आले. आमच्या बाजूचा संगणक एकसारखा मजकूर लोटीत होता. पॅडचा साठा भरल्यावर ‘थांब’ असा संकेत देण्याचे पाचवे कलम मात्र शून्यावर होते. ते चालू करून संगणकाच्या प्रणालीतही तो संकेत मानण्याची तजवीज करावी लागते. एकट्या कलमाने भागत नाही. तरीही महत्त्वाचे दस्तऐवज केवळ त्या भरवशावर सोडू नयेत. कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली निघालेली कर्मिट ही पद्धत प्रत्येक तुकड्याची बेरीज तपासते, चुकलेला तुकडा पुन्हा मागते, आणि घातक नियंत्रण-अक्षरे सांकेतिक रूपात पाठविते.

आता मराठीविषयी, कारण हा भाग मला सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतप्रमाणात, ज्याला १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोची मान्यता मिळाली, देवनागरी वर्ण आठव्या बिटाच्या आधारे ओळखले जातात. सात बिटे आणि सम पॅरिटी ही इंग्रजी मजकुरासाठी बिनतक्रार चालणारी मांडणी आहे. त्याच मांडणीतून मराठी पत्र गेले की आठवे बिट पॅरिटीच्या कामी खर्ची पडते आणि पलीकडे रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग निघतो. यंत्रच मराठी जाणत नाही, असा निर्वाळा पुष्कळ दप्तरांतून दिला गेला आणि पत्रव्यवहार इंग्रजीत करण्याचा शिरस्ता त्यातून बळावला, याचे मला आजही दुःख होते. टर्मिनलावर आठ बिटे, पॅरिटी नाही, आणि पॅडचे एकविसावे, म्हणजे पॅरिटीचे, कलम शून्य, एवढ्या फेरफाराने तेच पत्र अबाधित पोहोचत असे.

पॅकेट-जाळ्यांची ती पिढी आज अस्तास गेली आहे, परंतु नागपूरच्या मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात काम करणाऱ्या तरुणांच्या काळ्या खिडकीतही याच कलमांचे वंशज वावरतात. कंट्रोल-एस चुकून दाबला की खिडकी गोठते आणि कंट्रोल-क्यूने सुटते, ते त्या जुन्या ‘थांब’ व ‘चालू दे’ या संकेतांचेच कार्य आहे. लिनक्सवर ‘एसटीटीवाय’ या हुकुमापुढे ‘उणे ए’ लिहिले की प्रतिध्वनी, ओळीगणिक रवानगी, प्रवाह-नियंत्रण, बिटांची संख्या, सारे एका यादीत दिसते. एखाद्या यंत्राच्या सीरियल तारेवर प्रथमच बसणाऱ्याने ती यादी काम सुरू करण्यापूर्वी, आणि दूरच्या यंत्रात प्रवेश मिळाल्यावर तेथेही, काढून ठेवावी, व तिच्यासोबत तारीख, यंत्राचे नाव आणि फेरफार करणाराची सही घ्यावी.