कुंडीतील वृद्ध झाडांचे स्थलांतर

लंडननजीक क्यू येथे जे विख्यात वनस्पति-उद्यान आहे, त्याच्या ताडगृहात सायकॅड वर्गातील एक झाड ठेविलेले आहे. फ्रान्सिस मॅसन नामक वनस्पतिसंग्राहकाने ते दक्षिण आफ्रिकेतून १७७५ साली तेथे आणिले. कुंडीत वाढविलेल्या झाडांमध्ये ते जगात सर्वांत जुने समजले जाते. वर्षाकाठी जेमतेम इंचभर वाढणाऱ्या या झाडाची लांबी आज चार मीटरांहून अधिक व वजन एक टनाहून जास्त आहे. कलत्या खोडास टेकू दिलेले आहेत. क्यू येथे त्यास शंकू आला तो एकदाच, १८१९ साली. तो पाहावयास वयोवृद्ध सर जोसेफ बँक्स स्वतः आले होते. ताडगृह बांधून झाल्यावर, १८४८ साली, या झाडाचा मुक्काम तेथे हलला, आणि २००९ साली त्यास नवी पेटी मिळाली. इतक्या पिढ्यांच्या माळ्यांपैकी एकाच्याही हयगयीने ते मरू शकले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या वयाचे खरे आश्चर्य वाटते.

आपल्याकडेही ओसरीवर वीस-पंचवीस वर्षांचे रबराचे झाड किंवा सुपारीसारखा दिसणारा अरेका पाम असतो. बदली होते, घराला रंग द्यावयाचा असतो, आणि झाड हलवावे लागते. लोक भितात ते उचलण्यास. भीती अगदीच अनाठायी नव्हे. दीड फूट व्यासाची व तितक्याच खोलीची भिजलेली कुंडी शंभर किलोच्या घरात जाते. म्हणून पाणी एक-दोन दिवस आधी द्यावे. माती ओलसर असावी, चिखल नसावा. पाने मऊ कापडाने वर बांधावी, कुंडी गोणपाटावर चढवून ओढावी, आणि खोडास धरून झाड कदापि उचलू नये, कारण त्या हिसक्याने बारीक मुळे तुटतात व पाणी शोषण्याचे काम त्यांचेच असते.

परंतु झाडे बहुधा वाटेत मरत नाहीत; पोहोचल्यानंतरच्या महिन्यात मरतात. सावलीत उगवलेले पान रुंद व पातळ असते, उन्हातले जाड असते. आणि एकदा पूर्ण वाढलेल्या पानास आपली घडण बदलता येत नाही. सावलीतले झाड एकदम उन्हात ठेविले तर पाने करपतात. उलटपक्षी, उजेडातले झाड काळोख्या खोलीत नेले तर ते पाने गाळू लागते. येथेच प्रेमळ माणूस घात करतो. पाने गळताना पाहून तो जास्त पाणी घालतो. वास्तविक पाने कमी झाली म्हणजे पाण्याचा खपही कमी होतो, माती ओली राहते व मुळे कुजतात. बोट मातीत दोन इंच खुपसून पाहावे व कोरडे लागेल तेव्हाच पाणी द्यावे. खत मुळीच देऊ नये.

कुंडी बदलणेही त्याच वेळी उरकून घ्यावे असा मोह होतो, तो आवरावा. पुढे बदलावयाची झाल्यास नवी कुंडी दोन इंचांनीच मोठी असावी, कारण मुळे न पोहोचलेल्या मातीत पाणी साचून राहते. फार जड झाडाची कुंडी न बदलता वरची दोन इंच माती काढून तेथे नवी घातली तरी पुष्कळ भागते.

हे ज्ञान आम्हांस फुकट मिळालेले नाही. आमचा एक जुना अरेका पाम आम्ही ओसरीवरून उचलून एप्रिलच्या उन्हात नेऊन ठेविला. अंगणात शोभून दिसेल, एवढेच कारण! चार दिवसांत पाने वाळल्या गवताच्या रंगाची झाली. पाम जातीच्या दांड्यास वाढीचा शेंडा एकच असतो. तो गेला तर तो दांडा संपलाच. सुदैवाने शेंडे वाचले होते. आम्ही तो पुन्हा सावलीत आणिला, जिकडे थोडासाही हिरवेपणा उरला होता ती पाने तशीच राहू दिली आणि वाट पाहिली. पावसाळ्यात मधल्या दांड्यातून भाल्यासारखे मिटलेले पहिले पान वर आले.