मे महिन्यात वाडीची वाट



मुलांच्या शाळांना सुट्टी लागली आहे. गेल्या आठवड्यात आपल्या उन्हाळी शिबिरात पाचवी-सहावीच्या मुलांना मी सहज विचारले, "सुट्टीत कुठे कुठे जाऊन आलात?" वॉटर पार्क, मॉल, महाबळेश्वर, मावशीच्या सोसायटीतला स्विमिंग पूल, अशी भराभर उत्तरे आली. मग मी विचारले, "आणि वाडीत कोण कोण गेले?" चाळीस मुलांमधून सहा हात वर झाले. एका मुलीने खरे काय ते सांगून टाकले, "फादर, आजोबा बोलावतात, पण मम्मी म्हणते चप्पल खराब होईल." आम्ही सगळे हसलो. नंतर मात्र माझ्या लक्षात आले की त्या चाळीसपैकी बहुतेकांच्या घरामागेच वाडी आहे.

त्याच आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एक वयस्कर बागायतदार भेटले. त्यांचे गाऱ्हाणे नेमके उलटे होते. सुट्टीत बाहेरून मंडळी येतात, वाडीत शिरतात, फोटो काढतात, कच्चे जाम झोडून पाडतात आणि वेफर्सची पाकिटे पाटात टाकून जातात. पाट तुंबला की पाणी केळीपर्यंत पोहोचत नाही. "फादर, आता गेटला कुलूप लावले आहे. येणारा-जाणारा नको आणि कटकटही नको," ते म्हणाले. त्यांना दोष देण्याची मला हिंमत झाली नाही.

एकीकडे वाडीत न जाणारी आपली मुले, दुसरीकडे वाडीला लागलेले कुलूप. या दोन्ही गोष्टी मनात असताना मला शुभवर्तमानातील एक प्रसंग आठवला. आज त्याचाच थोडा अभ्यास करू या.

एका शब्बाथ दिवशी प्रभू येशू शिष्यांसह शेतातून चालला होता. शिष्यांना भूक लागली. त्यांनी कणसे खुडली, हातावर चोळली आणि दाणे खाल्ले (मत्तय १२:१, मार्क २:२३, लूक ६:१). पॅलेस्टाईनमध्ये सातू वल्हांडणाच्या सुमारास आणि गहू पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या सुमारास पिकतो. म्हणजे हा प्रसंग आपल्याकडच्या एप्रिल ते जून या दिवसांतला, उन्हाळा चढू लागण्याच्या वेळचा असणार. परूशी लगेच आक्षेप घेतात. या प्रसंगावर आपण अनेक उपदेश ऐकले आहेत आणि ते सगळे शब्बाथाविषयी असतात. पण परूश्यांनी कोणता आक्षेप घेतला नाही, हेही बघा. "दुसऱ्याच्या शेतातले का खाता?" असे कोणीही विचारले नाही. चुका शोधायलाच निघालेल्या त्या माणसांनीसुद्धा शिष्यांना चोर ठरवले नाही.

याचे कारण नियमशास्त्रात आहे. अनुवाद २३:२४-२५ वाचा. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलात तर पोटभर खाण्याची मुभा आहे, पण भांड्यात भरून नेण्याची नाही. उभ्या पिकातून हाताने कणसे खुडता येतील, पण विळा लावता येणार नाही. इतकाच छोटासा नियम. पुढील काळात यहुदी धर्मपंडितांनी ही सवलत मुख्यतः शेतात राबणाऱ्या मजुरांपुरती मर्यादित केली. त्यांच्याही डोळ्यांसमोर एखादा वैतागलेला मळेवाला असावा!

या नियमात दोघांचीही काळजी घेतलेली आहे. वाटसरूला तो सांगतो की तुझ्या हातात मावेल आणि पोटात जाईल तेवढे तुझे. मालकाला सांगतो की तुझी टोपली आणि तुझा विळा सुरक्षित आहे, मग कुंपण इतके उंच कशाला? जमीन शेवटी परमेश्वराची आहे, माणूस तिच्यावर उपरा आणि पाहुणा आहे, असे लेवीय २५:२३ मध्ये म्हटले आहे. मालकसुद्धा पाहुणाच असेल, तर दारातून आत आलेला माणूस हा पाहुण्याचा पाहुणा. त्याला हाकलता येत नाही आणि त्यालाही घर लुटता येत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत ऑगस्टीनने केलेला एक भेद आम्हाला पाठ करावा लागे: एखादी वस्तू वापरणे वेगळे आणि तिच्यात आनंद मानून विसावणे वेगळे. पूर्ण विसावा फक्त देवामध्ये. बाकीची सृष्टी म्हणजे स्वदेशी परतणाऱ्या प्रवाशाची वाट. वाटेच्या सौंदर्याला भुलून घर विसरू नये, असे त्याचे सांगणे. विशीतल्या मला हे फार कोरडे वाटले होते. वाडीत वाढलेल्या मुलाला कोणी सांगावे की मोगऱ्याच्या वासात रमू नकोस! आता मला त्यात वेगळे काही दिसते. वाटेवरचा माणूस मूठभर घेतो, खातो, देवाचे आभार मानतो आणि पुढे जातो. टोपली घेऊन येणाऱ्याचे लक्ष मात्र मोगऱ्याकडे नसते, भावाकडे असते. आपल्या भागात ही टोपली किती मोठी झाली आहे, हे वेगळे सांगायला नको. ती आता गुंठ्यांत मोजली जाते.

उत्पत्ती २:१५ मध्ये देवाने मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. त्या दोन हिब्रू क्रियापदांचा अर्थ सेवा करणे आणि राखणे असाही होतो. निवासमंडपातील लेवींच्या सेवेसाठी हीच जोडी वापरली आहे (गणना ३:७-८). म्हणजे वेदीजवळचे काम आणि केळीच्या आळ्यातले काम यांच्यासाठी पवित्र शास्त्राचे शब्द एकच आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच वचनाचा आधार घेतला आणि त्याच परिपत्रकात रविवारच्या विसाव्याचा संबंध सृष्टीच्या काळजीशी जोडला.

आता आपल्या वसईकडे वळू. आपल्या वाड्या ज्या पाण्यावर उभ्या आहेत, त्याची गोष्ट मुलांना सांगायला हवी. समुद्राजवळच्या जमिनीखाली गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. भूजलशास्त्राचा एक ठोकताळा आहे: गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली की खालचे खारे पाणी कालांतराने साधारण चाळीस फूट वर सरकते. रहाट होता तोवर बैलाच्या चालीने पाणी निघायचे, विहिरीला दम खायला वेळ मिळायचा. पंप आले आणि ती मर्यादा गेली. पुढे टँकर भरून पाणी बाहेर जाऊ लागले, तेव्हा कितीतरी विहिरी मचूळ झाल्या. वाडवडिलांनी खणलेली बावखले पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवायची आणि खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरायची. बावखल बुजवताना आपल्याला वाटते की डबके गेले, जागा मिळाली. खरे तर शेजारच्या दहा विहिरींचे झाकण आपण काढलेले असते. हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून फा. फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ही गोष्ट आपल्याला वर्षानुवर्षे सांगितली. २०२४ साली ते देवाघरी गेले. मोर्चात त्यांच्याबरोबर चाललेले लोक आपल्या धर्मग्रामात आजही आहेत. त्यांच्या नातवंडांना बावखल म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे नाही.

माझी भीती एवढीच आहे. जी वाडी मुलाने पायाखाली घातली नाही, ती उद्या त्याला सातबाऱ्यावरचा एक आकडा वाटेल. मग दलाल दारात आला की सही करायला त्याला किती वेळ लागेल? त्याला लोभी म्हणून काय उपयोग? त्याला वाडीची चवच कोणी दिली नव्हती.

म्हणून पालकांना विनंती. सुट्टीत बाहेरगावी जरूर जा, वॉटर पार्कवर माझा राग नाही (तिकिटांवर थोडा आहे). पण एक सकाळ वाडीसाठी राखून ठेवा. उन्हे चढण्यापूर्वी, सात वाजता निघा. जवळ असेल तर चालत, नाहीतर सायकलने. मुलांना राजेळी आणि वेलची केळ यांच्या पानांतला फरक आजोबांना विचारू द्या. पाटाला बांध घालून पाणी दुसऱ्या आळ्यात कसे वळवतात ते त्यांच्या हातांनी करू द्या. तासभर मोबाईलची आठवण होणार नाही. कोणाकडे सुकेळी उन्हात घातली असतील तर ती उलटवायला मदत करा आणि एखादे मागून खा. तोंडली, पडवळ, मोगऱ्याचा गजरा, जे लागेल ते तिथेच पैसे देऊन विकत घ्या, घासाघीस न करता. कापडी पिशवी आणि स्टीलचा डबा न्यायला विसरू नका. बागायतदारांनाही विनंती आहे, पण ती मी कुलूपवाल्या काकांना तोंडी करून आलो आहे.

येत्या १५ मे रोजी संत इसिदोर यांचा सण आहे. स्पेनमध्ये माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारा हा मजूर. सकाळी मिस्साला जातो म्हणून कामाला उशीर करतो, अशी त्याच्याविरुद्ध मालकाकडे तक्रार झाली होती, अशी परंपरा सांगते. १६२२ साली संत इग्नेशियस लोयोला, संत फ्रान्सिस झेवियर, आविलाची संत तेरेजा आणि संत फिलिप नेरी यांच्याबरोबर त्याला संतपद देण्यात आले. इतक्या नामवंतांच्या रांगेत हा एकटा शेतमजूर. पूर्वी ख्रिस्तसभेत प्रभूच्या स्वर्गारोहण सणाआधी तीन दिवस शेतांतून मिरवणूक काढून पिकांसाठी प्रार्थना होत असे. इ.स. ४७० च्या सुमारास फ्रान्समधील व्हिएनचे बिशप मामेर्तुस यांनी ही प्रथा सुरू केली. आपल्याकडे त्या वेळी पीक उभे नसते, पावसाची वाट पाहणे असते. म्हणून आपण विहिरीसाठी प्रार्थना करू.

सणानंतरच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपण सहकुटुंब त्या काकांच्या वाडीत चालत जाणार आहोत. विहिरीला आणि जमिनीला आशीर्वाद देऊन, रोझरीचे एक दशक म्हणून परत येऊ. पाण्याची बाटली घरूनच आणा आणि चिखलात चालेल अशी चप्पल घाला. काकांनी कुलूप काढायचे कबूल केले आहे. अट एकच घातली आहे: केळीच्या लोंगराला हात लावायचा नाही, जाम मात्र झाडाखाली बसून पोटभर खायचे.